दिवाळीच्या सुट्टीत मुलगी कुठे असेल? परस्पर संमतीच्या एका घटस्फोटाचा प्रकरण अभ्यास

परस्पर संमतीचा अर्ज करायला आलेलं जवळजवळ प्रत्येक जोडपं एक वाक्य हमखास बोलतं: "आमचं सगळं ठरलंय, फक्त सह्या राहिल्यात." या प्रकरणातल्या दोघांनीही तेच सांगितलं होतं. मी पत्नीची वकील होते आणि मलाही ते पटलं होतं. सगळं ठरलेलं नव्हतं, हे न्यायाधीशांच्या एका प्रश्नात उघडं पडलं. पुढच्या पाच महिन्यांत ही संमती मोडता मोडता राहिली. ती कशामुळे मोडत आली होती आणि कशामुळे टिकली, हे सविस्तर लिहून ठेवते आहे. दोघांची ओळख पटू नये म्हणून रकमा, व्यवसाय, काही तारखा बदलल्या आहेत. कायद्याची बाजू आहे तशीच आहे.

लग्न डिसेंबर २०१२ मध्ये हिंदू पद्धतीने झालेलं, त्यामुळे हिंदू विवाह अधिनियम, १९५५ लागू. तो अभियंता, ती शिक्षिका. मुलगी २०१६ ची. दोघांच्या नावावर एक फ्लॅट आणि त्यावरचं गृहकर्जही दोघांच्याच नावावर. भांडणं कशावरून झाली ते इथे लिहीत नाही. संमतीच्या अर्जात ते लिहावं लागतच नाही, आणि त्या मार्गाचा सगळ्यात मोठा दिलासा मला तोच वाटतो. कोण वाईट होतं हे कुणाला सिद्ध करावं लागत नाही.

पण हे दोघं सरळ संमतीच्या मार्गाने आलेले नव्हते. जानेवारी २०२२ मध्ये पतीने क्रूरतेच्या कारणावरून एकतर्फी घटस्फोटाची याचिका दाखल केली होती. मार्चमध्ये पत्नीने कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्याखाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. त्याच सुमारास कौटुंबिक न्यायालयात तिने हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २४ खाली अंतरिम पोटगी मागितली. कायदा म्हणतो की असा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा. आमचा निघाला सात महिन्यांनी. त्यातले तीन महिने तर फक्त मिळकतीच्या प्रतिज्ञापत्रांत गेले. रजनेश विरुद्ध नेहा या ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता, कर्ज, खर्च असं सगळं ठरावीक नमुन्यात शपथेवर लिहून द्यायला लावलं आहे. पतीच्या पहिल्या प्रतिज्ञापत्रात पगार होता, पण वर्षाला मिळणारा बोनस नव्हता. आम्ही बँकेचे उतारे मागवले आणि बोनस सापडला. शेवटी पत्नी आणि मुलगी मिळून महिना १८,००० रुपयांचा आदेश झाला.

त्या सात महिन्यांत पत्नीच्या वडिलांनी माझ्या फीसाठी ठेव मोडायचं ठरवलं होतं. मी त्यांना थांबवलं. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला तिचं उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी बहुतेक ठिकाणी न्यायालयाच्या आवारातच असते. फीच्या भीतीने जी बाई पहिली पायरीच चढत नाही, तिला हे कुणीतरी सांगायला हवं. आम्ही फी हप्त्यांत ठरवली आणि ती ठेव वाचली.

तडजोडीकडे

कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम ९ प्रमाणे आधी समेटाचा प्रयत्न करणं हे न्यायालयाचं कर्तव्य आहे. त्यासाठी समुपदेशक नेमलेले असतात. तिथलं बोलणं गोपनीय राहतं आणि वकील बाहेर थांबतात. याच कायद्याच्या कलम १३ प्रमाणे कौटुंबिक न्यायालयात वकील लावणं हा पक्षकाराचा हक्कसुद्धा नाही, न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. सुरुवातीला मला याचा राग यायचा. आता वाटतं की काही गोष्टी वकील समोर नसतानाच बोलल्या जातात.

पहिल्या तीन बैठकांत दोघं पुन्हा एकत्र येतात का, हे पाहिलं गेलं. येणार नव्हते. चौथ्या बैठकीनंतर ती बाहेर आली आणि माझ्या शेजारी बाकावर बसून म्हणाली, "मॅडम, तो आज पहिल्यांदा म्हणाला की त्यालाही थकवा आलाय." फेब्रुवारी २०२३ मध्ये दोघांनी सांगितलं की संमतीने वेगळं व्हायचं आहे.

संमतीच्या घटस्फोटाचं कलम १३ ब हे मूळ हिंदू विवाह कायद्यात नव्हतं, १९७६ च्या दुरुस्तीने आलं. त्यात तीन गोष्टी लागतात: दोघं एक वर्ष किंवा जास्त काळ वेगळे राहत आहेत, एकत्र राहणं त्यांना जमलेलं नाही, आणि लग्न संपवावं यावर दोघांचं एकमत आहे. असा संयुक्त अर्ज दाखल केल्यानंतर ६ महिने थांबायचं, आणि १८ महिन्यांच्या आत दोघांनी मिळून न्यायालयाला सांगायचं की आमचं म्हणणं अजून तेच आहे. मग न्यायालय चौकशी करून हुकूमनामा, म्हणजे घटस्फोटाचा अंतिम आदेश, देतं.

"कधीपासून वेगळे राहता?" या साध्या प्रश्नावर दोघांची उत्तरं वेगळी निघाली. ती जून २०२१ मध्ये माहेरी गेली, तो तिथून मोजत होता. तिने सांगितलं, जानेवारीपासून. त्या सहा महिन्यांत दोघं एकाच फ्लॅटमध्ये, पण दोन खोल्यांत राहत होते. स्वयंपाकघरात एक असला की दुसरा जात नसे. कायद्याने तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. सुरेष्टा देवी विरुद्ध ओम प्रकाश या १९९१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की वेगळं राहणं म्हणजे वेगळ्या छपराखाली राहणंच नव्हे. नवरा-बायको म्हणून राहत नसतील तर एका घरात असूनही ते वेगळेच. अर्जात आम्ही जून २०२१ लिहिलं, कारण तेवढ्याने एक वर्षाची अट पूर्ण होत होती आणि ते दाखवणं सोपं होतं. पण जानेवारी खोडलेला मसुदा तिने वाचला तेव्हा थोडा वेळ ती त्या ओळीवरच थांबली होती.

अटींचा पहिला मसुदा

घटस्फोट मिळणं हा या मार्गाचा सोपा भाग आहे. अवघड काम असतं संमतीच्या अटींचं, ज्याला आम्ही रोजच्या बोलण्यात कन्सेंट टर्म्स म्हणतो.

पैशांचं लवकर ठरलं. एकरकमी १४ लाख, त्यात फ्लॅटमधल्या तिच्या हिश्श्याची किंमतही धरलेली. चार लाख अर्ज दाखल होताना, दहा लाख हुकूमनाम्याच्या दिवशी डिमांड ड्राफ्टने. ती उलटली तर चार लाख परत, हेही लिहिलं. मुलीसाठी महिना १२,००० आणि शाळेची निम्मी फी. मुलीची रक्कम मी आग्रहाने वेगळी लिहायला लावली. आईने स्वतःची पोटगी सोडली तरी मुलीचा हक्क तिला सोडता येत नाही, आणि एकरकमी आकड्यात मुलीचा खर्च बुडवून टाकलेले मसुदे मी फार पाहिले आहेत.

मग एकमेकांवरच्या अविश्वासाची गाठ आली. पती म्हणे, आधी हिंसाचाराचा अर्ज मागे घे, मग दहा लाख. पत्नी म्हणे, आधी दहा लाख. यावर तोडगा साधा असतो, पण शांतपणे बसवावा लागतो. अर्ज मागे घेण्याची पुरशिस, म्हणजे न्यायालयाला द्यायचं लेखी निवेदन, तिने सही करून माझ्याकडे ठेवली. ड्राफ्ट त्याच्या वकिलांकडे. हुकूमनाम्याच्या दिवशी न्यायाधीशांसमोर ड्राफ्ट तिच्या हातात आणि पुरशिस पतीच्या वकिलांच्या हातात. पतीने आपली जुनी याचिकाही त्याच दिवशी मागे घ्यायची, आधी नाही. या प्रकरणात पोलिसांत गुन्हा नोंदलेला नव्हता, हे नशीब. छळाचा गुन्हा असता तर तो आपसात मिटवून बंद करता येत नाही. उच्च न्यायालयात जाऊन रद्द करून घ्यावा लागतो, तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८२ खाली आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली.

स्त्रीधनाची यादी दोन पानांची झाली. त्यात कुठेच वाद नव्हता, एका ओळीचा अपवाद सोडला: "चांदीची वाटी, नग १." वाटीवर मुलीचं नाव कोरलेलं. पतीच्या आईने ती नातीला दिलेली, म्हणून ती आमची, असं त्याचं म्हणणं. मुलगी त्या वाटीतच भात खाते, म्हणून ती आमची, असं हिचं. लाखांचे आकडे अर्ध्या तासात ठरले आणि वाटीवर दोन बैठका गेल्या. शेवटी मी मसुद्यात लिहिलं: "सदर वाटी मुलीच्या मालकीची असून ती आईच्या घरी राहील." दोघांनीही मान्य केलं. त्यात कुणीच हरलं नाही, एवढंच त्यांना हवं होतं.

आणि मग मुलीच्या ताब्याची अट. ताबा आईकडे यावर वाद नव्हता. वडिलांच्या भेटीबद्दल मी लिहिलं: "वडील मुलीला दोघांच्या परस्पर सोयीने भेटू शकतील." त्या दिवशी संध्याकाळचे सात वाजले होते, दोघं चांगल्या मनःस्थितीत होते, आणि पती म्हणाला, "एवढं पुरेसं आहे, आम्ही काही शत्रू नाही." मला बरं वाटलं. अशी वाक्यं मी त्याआधी कितीतरी मसुद्यांत लिहिली होती.

सहा महिने

जून २०२३ मध्ये संयुक्त अर्ज दाखल झाला. प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या, चार लाखांचा धनादेश, पडताळणी. त्याच आठवड्यात पतीने मोबाईलवरची बातमी दाखवली: "मॅडम, सुप्रीम कोर्टाने सहा महिने काढून टाकलेत ना?"

हा गैरसमज तेव्हा पुष्कळांचा झाला होता. १ मे २०२३ रोजी शिल्पा शैलेश विरुद्ध वरुण श्रीनिवासन या प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितलं की राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खाली सर्वोच्च न्यायालय ही प्रतीक्षा टाळू शकतं, आणि संसार सावरण्यापलीकडे मोडला आहे या कारणावरूनही लग्न संपवू शकतं. अनुच्छेद १४२ चा तो अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाचा आहे. कौटुंबिक न्यायालयाला तसा अधिकार नाही, आणि मोडलेला संसार हे हिंदू विवाह कायद्यात आजही घटस्फोटाचं स्वतंत्र कारण नाही. विधी आयोगाने १९७८ मध्ये आणि पुन्हा २००९ मध्ये तशी शिफारस केली होती. कायदा बदलला नाही.

आमच्या उपयोगाचा निकाल जुना होता. अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर, १२ सप्टेंबर २०१७. त्यात न्यायालयाने म्हटलं की सहा महिन्यांची मुदत बंधनकारक नाही. योग्य प्रकरणात कौटुंबिक न्यायालयही ती माफ करू शकतं. त्यासाठी वेगळं राहण्याचं एक वर्ष आणि हे सहा महिने, असा दीड वर्षाचा काळ अर्जाआधीच उलटलेला हवा. समेटाचे प्रयत्न फसलेले हवेत. पोटगी, मुलांचा ताबा आणि बाकीचे वाद खऱ्या अर्थाने मिटलेले हवेत. आणि थांबण्याने दोघांचा त्रास फक्त लांबणार असं दिसायला हवं. आमचे दीड वर्ष केव्हाच होऊन गेले होते, समेटाचा अहवाल फायलीत होता, अटींवर सह्या होत्या. जुलैमध्ये मी माफीचा अर्ज दिला. मंजूर होईल याची मला खात्री होती.

ऑगस्टमधल्या त्या तारखेला पुकारा झाला, आम्ही आत गेलो. न्यायाधीश बाईंनी अटी वाचल्या, सगळ्या वाचल्या, घाई न करता. मग चष्मा काढून दोघांकडे पाहिलं आणि विचारलं, "दिवाळीच्या सुट्टीत मुलगी कुठे असेल?"

"माझ्याकडे," दोघं एकाच वेळी म्हणाले.

कुणीच आवाज चढवला नाही. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मी माझ्याच मसुद्यातल्या त्या ओळीकडे. अर्ज नामंजूर झाला. आदेश चार ओळींचा होता: मुलीच्या भेटीचा प्रश्न खऱ्या अर्थाने मिटलेला दिसत नाही, सबब मुदत माफ करण्याचं कारण नाही. बाहेर आल्यावर पती चिडला होता, पत्नी गप्प होती. मला मात्र तो आदेश तेव्हाही योग्य वाटला आणि आजही वाटतो.

इथे एक सांगायला हवं. ही प्रतीक्षा सगळ्यांच्या भल्याची असते असं मी म्हणत नाही. जिथे मारहाण आहे, जिथे सही मिळवायलाच दोन वर्षं लागली आहेत, तिथे सहा महिने म्हणजे समोरच्याच्या हातात दिलेलं हत्यार असतं. तो रोज फोन करून सांगू शकतो की मी सही मागे घेईन. अशा बाईसाठी मी मुदत माफीला पूर्ण ताकदीने उभी राहते. पण या दोघांना त्या महिन्यांची गरज होती, आणि ती गरज मी ओळखली नव्हती.

प्रतीक्षेचा एक फायदा लगेच झाला, तो फ्लॅटचा. अटींत आम्ही लिहिलं होतं की यापुढचं कर्ज पती फेडेल. पत्नीला वाटत होतं की त्यामुळे ती मोकळी झाली. तशी ती झालेली नव्हती. नवरा-बायकोने आपसात काय ठरवलं ते बँकेवर बंधनकारक नसतं. कर्जाच्या कागदावर सहकर्जदार म्हणून नाव आहे तोवर हप्ता थकला तर बँक तिच्याकडेही मागू शकते, आणि तिची पतही खाली जाते. घटस्फोटाचा हुकूमनामा हातात असलेल्या बाईला तीन वर्षांनी वसुलीची नोटीस येते, ती यामुळे. मी पतीला बँकेत पाठवलं. शिल्लक कर्ज २१ लाख. बँकेने एकट्याच्या पगारावर कर्ज ठेवायला नकार दिला. भावाला सहकर्जदार करून घ्यायचं ठरलं, त्याची कागदपत्रं, पुन्हा मूल्यांकन, पुन्हा सह्या. चार महिने गेले. मुदत माफ झाली असती तर हुकूमनामा ऑगस्टमध्येच झाला असता आणि हे काम "नंतर बघू" मध्ये गेलं असतं.

नोव्हेंबर

दिवाळी आली. ठरलेलं काही नव्हतं, म्हणून फोनवर ठरवलं: वडील मुलीला शुक्रवारी नेतील आणि लक्ष्मीपूजनाच्या सकाळी परत आणतील. त्याने आणली तीन दिवस उशिरा. त्याच्या घरी पाहुणे आले होते, मुलगी चुलत भावंडांत रमली होती, आणि एक दिवस त्याचा फोन बंद होता. मुलगी सुखरूप होती. पण फोन बंद असलेल्या त्या एका दिवसात या आईने काय काय सोसलं असेल, ते तिच्या चेहऱ्यावर आठवडाभराने सुद्धा दिसत होतं.

ती वडिलांना घेऊन ऑफिसात आली. "मला माझी सही परत घ्यायचीय," ती म्हणाली. तिचे वडील म्हणाले, "मॅडम, पोलिसांत जाऊ या."

सही मागे घेण्याचा तिला हक्क होता, आणि तो मी तिला पहिल्यांदा सांगितला. वर सांगितलेल्या १९९१ च्या निकालाचा गाभा हाच आहे: अर्ज दाखल करताना दिलेली संमती पुरेशी नाही, ती हुकूमनामा होईपर्यंत टिकलेली असली पाहिजे. मधल्या काळात कुणीही एकाने मागे घेतली तर न्यायालय संमतीचा घटस्फोट देऊ शकत नाही. कितीतरी पक्षकारांना वाटतं की सही केली म्हणजे अडकलो. अडकत नाही.

मग मी तिला पुढचं सांगितलं. सही मागे घेतली तर चार लाख परत. पतीची क्रूरतेची याचिका पुन्हा सुरू होईल, त्यात तिची साक्ष, उलटतपासणी, तिच्या आईची साक्ष, कदाचित शेजाऱ्यांची. अशा याचिकेची सुनावणी नोटीस बजावल्यापासून ६ महिन्यांत संपवायचा प्रयत्न करावा असं हिंदू विवाह कायद्याचं कलम २१ ब म्हणतं, पण प्रत्यक्षात मी तिला वर्षांचा हिशेब दिला. "आणि दिवाळीचा प्रश्न?" तिने विचारलं. तो कुठल्याच मार्गाने आपोआप सुटणार नव्हता. संमतीने गेलो किंवा भांडून गेलो, मुलीची सुट्टी कुठेतरी लिहावीच लागणार होती.

"चूक माझ्या मसुद्याची आहे," मी तिच्या वडिलांसमोर म्हणाले. "भेटीची अट मी मोघम लिहिली. ती नीट लिहून आणते. ती वाचून मग ठरवा."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सही मागे घेत नाही. पण कागद बदला."

अटींचा दुसरा मसुदा

पतीच्या वकिलांना फोन केला. ते ज्येष्ठ आहेत, त्यांनी वाद घातला नाही. आम्ही चौघं पुन्हा समुपदेशकांकडे गेलो. या वेळी समुपदेशक बाई मुलीलाही भेटल्या, एकटीला, अर्धा तास. आई की बाबा असं मुलांना कधी विचारत नाहीत. तिच्याशी शाळेबद्दल, मैत्रिणींबद्दल बोलणं झालं. बाहेर आल्यावर समुपदेशकांनी एवढंच सांगितलं की शनिवारी सकाळी तिचा चित्रकलेचा वर्ग असतो आणि तो बुडेल का, याची तिला काळजी आहे. आमच्या नव्या मसुद्यात भेट शनिवारी सकाळी ११ वाजता सुरू होत होती. ती दुपारी १ ची झाली, आणि वडील तिला थेट वर्गाच्या दारातून घेतील असं लिहिलं. चार मोठ्या माणसांच्या डोक्यात हे आलेलं नव्हतं.

बाकीची अट अशी झाली. दुसरा आणि चौथा शनिवार दुपारी १ ते रविवार संध्याकाळी ५. बुधवारी संध्याकाळी साडेसात ते आठ व्हिडिओ कॉल. उन्हाळ्याची सुट्टी निम्मी-निम्मी. दिवाळीच्या सुट्टीचा पहिला निम्मा भाग विषम वर्षी आईकडे, सम वर्षी वडिलांकडे. सुट्ट्यांतली ने-आण सकाळी दहाला, इमारतीच्या फाटकाशी. उशीर होणार असेल तर आधी फोन. भेट हुकली तर पुढच्या शनिवारी भरून द्यायची. शाळेचे निकाल आणि दवाखान्याचे कागद दोघांना. कुणीही दुसऱ्या शहरात राहायला जाणार असेल तर ६० दिवस आधी लेखी कळवायचं. साडेतीन पानं झाली. पतीने वाचून विचारलं, "एवढं लिहायची खरंच गरज आहे?" त्याच्या वकिलांनीच उत्तर दिलं, "तुमचं पटेल त्या दिवशी कागद उघडू नका. न पटेल त्या दिवसासाठी आहे."

मुलीबद्दलच्या अटी कायमच्या कोरलेल्या नसतात, हेही दोघांना सांगितलं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ प्रमाणे मुलीच्या हितासाठी त्या पुढे बदलून घेता येतात. ती बारा वर्षांची होईल तेव्हा तिचे शनिवार वेगळे असतील.

निकालाचा दिवस

बँकेचं पत्र डिसेंबरच्या शेवटी आलं. जानेवारी २०२४ मध्ये आम्ही पुन्हा त्याच न्यायाधीशांसमोर उभे राहिलो. शपथपत्रं दिली. न्यायाधीश बाईंनी दोघांना वेगवेगळं विचारलं: कुणाचा दबाव आहे का, अटी वाचल्यात का, समजल्यात का, अजून हेच हवं आहे का. पत्नीला विचारताना त्यांनी मला दोन पावलं मागे थांबायला सांगितलं. मग भेटीची अट उघडून त्या म्हणाल्या, "या वर्षी दिवाळीत मुलगी कुठे असेल?"

पती म्हणाला, "पहिला निम्मा भाग माझ्याकडे. सम वर्ष आहे." पत्नीने मान हलवली.

ड्राफ्टचा नंबर रोजनाम्यात लिहिला गेला, ड्राफ्ट इकडे, पुरशिस तिकडे. जुनी याचिका मागे घेतली गेली. एकूण वीस मिनिटंही लागली नाहीत. त्या आठवड्यात दंडाधिकाऱ्यांकडचा अर्ज निकाली निघाला, फेब्रुवारीत दुय्यम निबंधक कार्यालयात फ्लॅटमधल्या तिच्या हिश्श्याच्या हक्कसोडपत्राची नोंदणी झाली. संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर कौटुंबिक न्यायालय अधिनियमाच्या कलम १९ प्रमाणे अपील चालत नाही, त्यामुळे तो विषय तिथेच संपला. सही-शिक्क्याच्या तीन नकला मी तिला काढून दिल्या: एक बँकेसाठी, एक पासपोर्टसाठी, एक घरी ठेवायला. घरची नक्कल कुणाला देऊन बसायचं नाही, हे प्रत्येक पक्षकाराला सांगते तसं तिलाही सांगितलं.

ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी सकाळी पावणेदहाला तिचा फोन आला. मला वाटलं, पुन्हा काहीतरी झालं.

"मॅडम, तो फाटकाशी आलाय, वेळेत आलाय. पण हिने बॅगेत ती चांदीची वाटी घातलीय. म्हणते, आजीकडे मी यातच भात खाणार. आपल्या अटीत तर लिहिलंय ना, वाटी माझ्या घरी राहील म्हणून? चालेल का?"

मी म्हटलं, "वाटी कुणाची लिहिलीय आपण?"

"तिची."

"मग तीच नेतेय. अट मोडत नाही. जाऊ दे तिला."